श्रवणबेळगोळला जाताय, तर चंद्रगिरी सोडून येऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कर्नाटक टूरवर जे आलंय ते वाचलं, चांगलं लिहिलंय, रस्ते कुठले घ्यायचे, राहायचं कुठे, पोरांना काय दाखवायचं सगळं आहे, पण श्रवणबेळगोळसमोर, म्हणजे बाहुबलीच्या त्या मोठ्या मूर्तीच्या जैन तीर्थासमोर, "दीड तास पुरे" असं छापलंय आणि ते वाचून मला काही बसवेना म्हणून हे पत्र. माझं माहेर निपाणीकडचं, घर जैन, सासर म्हापशाला. लहानपणापासून त्या डोंगरावर जाणंयेणं आहे आणि आता गोव्यातून जे ग्रुप जातात त्यांच्याबरोबरही जाऊन आलेय, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात असं समजा.

आपल्याकडून ट्रॅव्हलर निघतो तो रात्री, कारवार-मंगळुरू करून धर्मस्थळ, मग शिराडी घाट चढून हासनकडे, बेलूर-हळेबीड उरकायचं आणि म्हैसूरला रात्रीच्या आत पोचायचं म्हणून मधेच श्रवणबेळगोळचा स्टॉप. पोचतात बरोबर भर दुपारी. अनवाणी चढायचं असतं, सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, त्यासुद्धा कातळातच खोदलेल्या, आणि तो ग्रॅनाइट दुपारी असा तापतो की माणसं अक्षरशः उड्या मारत वर जातात. मोजे घातले तर चालतात हे कोणी आधी सांगत नाही. अर्धे लोक शंभर पायऱ्यांवरून परत, म्हातारीकोतारी तर गाडीतच बसून, जे वर पोचतात ते घामाघूम, एक सेल्फी, एक व्हिडिओ, की खालून ड्रायव्हरचा फोन, चला चला उशीर होतोय. झालं श्रवणबेळगोळ! आणि समोरचा जो दुसरा डोंगर, त्याच्याकडे कोणी मान वळवून बघतसुद्धा नाही.

मला भांडायचंय ते त्या दुसऱ्या डोंगरासाठी. गावाच्या एका बाजूला विंध्यगिरी, त्यावर गोमटेश्वर बाहुबली, दुसऱ्या बाजूला चंद्रगिरी आणि मधे कल्याणी तळं. कन्नडमध्ये मोठा डोंगर तो दोड्डबेट्ट आणि लहान तो चिक्कबेट्ट. पण वयानं मोठा हा लहानच! बाहुबलीची मूर्ती दहाव्या शतकाच्या शेवटची, 981 च्या सुमाराची, आणि चंद्रगिरीवर इसवी सन 600 च्या आसपासचा शिलालेख आहे, म्हणजे मूर्ती व्हायच्या आधी जवळजवळ चारशे वर्षं लोक त्या डोंगरावर येत होते. कशाला येत होते? मरायला. हे ऐकून माझ्या शेजारच्या काकी दचकल्या होत्या पण खरं तेच आहे. सल्लेखना घ्यायला यायचे, म्हणजे शरीर थकलं, आता धर्म पाळणं जमत नाही असं झालं की हळूहळू अन्नपाणी कमी करत समाधीमरण स्वीकारायचं. तिथल्या कातळावर अशा मुनींची, आर्यिकांची म्हणजे साध्वींची, श्रावक-श्राविकांची म्हणजे घरसंसारातल्या जैनांची नावं कोरलीयत. राष्ट्रकूटांचा शेवटचा राजा चौथा इंद्र, त्यानं 982 मध्ये इथेच सल्लेखना घेतली. एवढ्या मोठ्या घराण्याचा राजा, राज्य गेल्यावर इथे येऊन बसला. ज्या राष्ट्रकूटांचं नाव आपण वेरूळच्या कैलासाबरोबर घेतो तेच हे राष्ट्रकूट.

(सल्लेखनेवर आजही वाद आहेत हे मला माहितेय, 2015 मध्ये राजस्थान हायकोर्टानं ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्टे दिला. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण डोंगर समजून घ्यायचा तर हे टाळून चालत नाही.)

तो 600 च्या आसपासचा लेख म्हणतो की भद्रबाहू स्वामींनी उज्जयिनीत बारा वर्षांचा दुष्काळ येणार हे सांगितलं, मग सगळा संघ उत्तरेतून दक्षिणेला आला, आणि प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांनी या डोंगरावर समाधी घेतली. आमच्या घरात आजी सांगायची की प्रभाचंद्र म्हणजेच चंद्रगुप्त मौर्य, राज्य सोडून भद्रबाहूंचा शिष्य झालेला, आणि त्याच्यावरूनच डोंगराचं नाव चंद्रगिरी. इतिहासवाल्यांचं यावर एकमत नाही, त्यांचं त्यांना. पण परंपरा ही अशी आहे आणि डोंगरावरच्या चंद्रगुप्त बस्तीत, म्हणजे देवळात, दगडी जाळीवर त्या दोघांच्या आयुष्यातले प्रसंग बारीक बारीक कोरलेत, एकेक चौकट तळहाताएवढी. पोरांना तिथे उभं करा, कॉमिक बघावं तसं बघतात. भद्रबाहूंची गुहा पण आहे, आत चरण आहेत, वाकून जावं लागतं.

वर तटबंदीच्या आत बस्त्या किती! चौदा तरी. बस्ती म्हणजे आमच्याकडे देऊळ, निपाणी-कोल्हापूरकडे सगळे हाच शब्द वापरतात. चामुंडराय बस्ती सगळ्यात देखणी, नेमिनाथांची, चामुंडराय म्हणजे ज्यानं बाहुबलीची मूर्ती करवली तो सेनापती, त्याच्या पोरानं 995 मध्ये वरचा मजला चढवला. पार्श्वनाथ बस्तीतली मूर्ती दाराशी उभं राहिलं की एकदम अंगावर येते एवढी उंच. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, की या डोंगरावर बायकांची नावं भरपूर आहेत. होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला, जिच्या नावानं बेलूरला गाईड तासभर बोलतात, तिनं 1123 मध्ये इथे शांतिनाथांची बस्ती बांधली. बेलूरला शांतला शांतला करणारे ग्रुप तिची स्वतःची बस्ती शंभर-दोनशे पायऱ्यांवर असताना न बघता पुढे जातात, याला काय म्हणायचं? विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज, त्यानं 1118 मध्ये आपल्या आईसाठी, पोचव्वेसाठी, कत्तले बस्ती बांधली, आत खरंच मिट्ट काळोख असतो, आणि त्याच्याच बायकोनं, लक्ष्मीनं, शेजारी आणखी एक. खाली गावात अक्कन बस्ती आहे ती 1181 ची, तीपण एका मंत्र्याच्या बायकोची. माझ्या मुलीनं हे ऐकल्यावर विचारलं की मग पाठ्यपुस्तकात ह्या कुठे आहेत, मी काय उत्तर देणार.

आणि चंद्रगिरीच्या पायऱ्या किती? दोनशेच्या आसपास. म्हणजे ज्यांना "तुम्हाला झेपणार नाही" म्हणून गाडीत बसवून ठेवता त्या आजी-आजोबांना हा डोंगर सहज झेपतो, हळूहळू बसत बसत. शिवाय वरून समोरच्या विंध्यगिरीवरचा बाहुबली दिसतो, तटाच्या वर खांद्यापासून डोकं. सकाळच्या उन्हात बघा. माझ्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, त्यांनी तिथूनच हात जोडले आणि समाधान झालं, डोळीची, म्हणजे माणसं उचलून नेतात त्या खुर्चीची, गरज पडली नाही. (डोळी मिळते विंध्यगिरीला, पण रेट आधी ठरवून घ्या.)

दंतकथेतसुद्धा क्रम हाच आहे. गंग राजांचा सेनापती चामुंडराय, त्याची आई काललदेवी, तिला पौदनपूरची भरतानं, म्हणजे बाहुबलीच्या भावानं, उभारलेली बाहुबलीची मूर्ती बघायची होती, ती बघितल्याशिवाय दूध घेणार नाही म्हणून बसली. वाटेत इथे मुक्काम पडला, स्वप्नात दृष्टान्त झाला, आणि चामुंडरायानं सकाळी चंद्रगिरीवरून समोरच्या डोंगरावर बाण सोडला तिथे बाहुबली दिसला. बाण सोडला ती शिळा चंद्रगिरीच्या पायथ्याशी दाखवतात. म्हणजे आधी चंद्रगिरी, मग विंध्यगिरी. आम्ही घरातून जायचो तेव्हा वडीलधारी माणसं तशीच न्यायची, आधी लहान डोंगर, दुसऱ्या दिवशी पहाटे मोठा.

विंध्यगिरीचं महत्त्व कमी करत नाहीये मी, उगाच कोणी तसं समजू नका. 57-58 फुटांची एकसंध दगडातली मूर्ती, मागे काही आधार नाही, उत्तरेकडे तोंड, पायाशी वारुळं, त्यातून डोकावणारे साप, मांड्या-दंडांवर चढलेल्या वेली. राज्यासाठी भावाशी लढला, दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध तिन्ही जिंकला, आणि जिंकल्या क्षणी सगळं सोडून वर्षभर एका जागी उभा राहिला, वेली चढल्या तरी हलला नाही, ती ही मूर्ती. बाहुबली तीर्थंकर नाही हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, पहिले तीर्थंकर आदिनाथ म्हणजे ऋषभदेव, त्यांचा हा मुलगा.

आणि मराठी माणसानं तर पायाशी नीट बघायला पाहिजे. शाळेत आपण सगळे शिकलोय ना, मराठीतला आद्य शिलालेख म्हणून, "श्रीचावुण्डराजें करवियलें", म्हणजे चामुंडरायानं करवलं, तो इथेच आहे, बाहुबलीच्या पायाशी, नागरीत. कन्नड आणि तमिळबरोबर मराठी. दुसरी ओळ गंगराजानं भोवतालची ओवरी बांधली त्याची, आणि गंगराज बाराव्या शतकातला म्हणून या लेखाच्या वर्षावरून अभ्यासकांत वाद आहे, रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा 1012 चा लेख आधीचा असंही म्हणतात. पहिला की दुसरा यात मला पडायचं नाही, पण म्हैसूरच्या अलीकडे एका डोंगरावर आपली भाषा आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोरलेली आहे आणि गोव्यातनं गेलेले, मराठी की कोकणी म्हणून रोज तावातावानं पत्रं लिहिणारे आपण, तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतो! तुमच्या पुरवणीतल्या लेखात तिचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, हे मला जास्त लागलं.

बाहेर दाराशी एका म्हातारीची मूर्ती आहे, हातात छोटं भांडं. ती गुळ्ळकायज्जी. चामुंडरायानं पहिला अभिषेक केला तेव्हा घडेच्या घडे दूध ओतलं तरी मांडीखाली उतरेना, मग ही गरीब म्हातारी गुळ्ळकायी नावाच्या छोट्या फळाच्या करवंटीत थोडंसं दूध घेऊन आली आणि तेवढ्या दुधानं मूर्ती पायापर्यंत भिजून दूध डोंगराखाली वाहिलं. सेनापतीचा गर्व उतरला. आमच्याकडच्या बायका आधी हिला नमस्कार करतात.

महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो, मागचा फेब्रुवारी 2018 मध्ये झाला, त्याआधी 2006, 1993, आणि 1981 चा तर हजार वर्षांचा, तेव्हा इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. मागे मचाण बांधतात, वरून पाणी, नारळपाणी, उसाचा रस, दूध, तांदळाचं पीठ, हळद, कषाय म्हणजे काढा, चंदन, केशर, एकामागून एक, आणि मूर्ती दर वेळी वेगळ्या रंगाची होते. पुढचा 2030 च्या सुमाराला, तेव्हा गोव्यातून गाड्याच्या गाड्या जातील बघा. पण रोज डोक्यावरून अभिषेक नसतो, रोज असते ती पादपूजा, पायांचा अभिषेक, सकाळी. ती बघायची तर सकाळी वर पाहिजे, दुपारी बाराला पोचून काय मिळणार?

आता एक नको असलेली गोष्ट लिहिते. ग्रुपमधली काही माणसं वर जाऊन हसतात. मूर्ती नग्न आहे म्हणून कोपरखळ्या, पोरांचे डोळे झाका वगैरे विनोद, एकानं तर फोटोवर स्टिकर लावून ग्रुपवर टाकला. पोरं कधीच हसत नाहीत, हसतात ती मोठी माणसं. ज्यानं सगळंच सोडलं त्यानं कपडे पण सोडले, एवढं साधं आहे ते, आणि दिगंबर मुनी आजही तसेच राहतात, रस्त्यानं पायी चालत जातात, दिवसातून एकदाच उभ्यानं हाताच्या ओंजळीत आहार घेतात. श्रवणबेळगोळला ते दिसतीलच. दिसले तर मोबाईल खाली ठेवा, आणि आहार चालू असताना तर मधे जाऊच नका, अंतराय म्हणजे विघ्न आलं तर ते जेवण तिथेच सोडतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही, पाणीसुद्धा नाही. हे माहीत नसल्यामुळे होतं, मुद्दाम कोणी करत नाही हे मलाही कळतं. आपल्या शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, व्रत कसं पाळतात, सोवळ्यात राहतात, तळीवर आंघोळ, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या वाटेत कोणी चप्पल घालून आडवं जात नाही. तेवढीच अदब इथे ठेवली तरी पुष्कळ.

जुनी यात्रा कशी असायची तेही सांगते, कारण ती गोव्याच्या वाटेवरचीच आहे. सांगली-कोल्हापूर-बेळगावकडची घरं गोमटेश्वराला निघाली की एकट्या श्रवणबेळगोळला कधी जात नसत, खाली तुळूनाडू, म्हणजे मंगळुरूकडचा भाग, तोही करायचे. कारकळचा बाहुबली 42 फुटी, 1432 चा, तोही कातळाच्या टेकडीवर. वेणूरचा 35 फुटी, 1604 चा. मूडबिद्रीची हजार खांबांची बस्ती 1430 ची. धर्मस्थळचा बाहुबली अलीकडचा, 1982 मध्ये उभा केलेला, 39 फुटी. बरोबर शिधा, चूल, पाणी गाळायला फडकं, सूर्यास्ताच्या आत जेवण, चढताना तोंडात णमोकार मंत्र, वर खाणंपिणं नाही. डोंगर उतरल्यावर पहिली चहाची आठवण काढायची ती माझे काका, आणि आजी डोळे वटारायची. आता गंमत बघा, मंगळुरूवरून जाणारा आपला ट्रॅव्हलर मूडबिद्री-कारकळ-वेणूरला अगदी खेटून जातो, म्हणजे घाटावरच्या लोकांना जी वाट लांब पडायची ती गोव्याच्या माणसाला फुकटात मिळालीय, आणि आपण तिथे थांबतो कशाला, तर पेट्रोल भरायला.

कोणी म्हणेल की जैन देवळांशी गोव्याचा काय संबंध. फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीच्या पडक्या भिंती उभ्या आहेत, जागेचं नावच जैनकोट. डिचोलीत कुडण्याला दुसरे अवशेष. नागेशीला दर सोमवारी जाणाऱ्या किती जणांनी जैनकोट बघितलाय? माझ्या ओळखीत तरी हाताच्या बोटांवर. म्हणजे हा धर्म आपल्या मातीत होता, लोक होते, बस्त्या होत्या, तेव्हा श्रवणबेळगोळ हे आपल्यासाठी कुठलं तरी परराज्यातलं टुरिस्ट स्पॉट नाही.

श्रवणबेळगोळच्याच गावातली भंडारी बस्ती बघायची राहिली तर ती पण बघा, 1159 ची, होयसळांच्या खजिनदारानं, हुळ्ळानं बांधलेली, चोवीस तीर्थंकर एका ओळीत. तिथे विजयनगरच्या बुक्करायाचा 1368 चा लेख आहे. जैन आणि वैष्णवांचं भांडण लागलं होतं, बुक्करायानं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना बोलावून जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि ठरवून दिलं की या दोन दर्शनांत, म्हणजे पंथांत, भेद मानायचा नाही, जैनांना त्रास झाला तर तो वैष्णवांनी आपला समजायचा. राजा स्वतः हिंदू. दगडावर लिहून ठेवलंय, कोणीही वाचावं.

तर संपादकसाहेब, मागणी साधी आहे. पुरवणीत पुन्हा ही टूर छापाल तेव्हा श्रवणबेळगोळला एक मुक्काम लिहा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चंद्रगिरी, म्हातारी माणसं बरोबर घेऊन. रात्री यात्रेकरूंच्या खोल्या मिळतात, साध्या असतात, एसी वगैरे अपेक्षा ठेवू नका, जेवण शाकाहारी आणि दिवस मावळायच्या आत उरकायचं, कांदा-लसूण-बटाटा मिळणार नाही, एका दिवसानं कोणी मरत नाही. सकाळी लवकर विंध्यगिरी, पादपूजा, खाली येऊन भंडारी बस्ती आणि मठातली भिंतीवरची चित्रं, आणि अकराला म्हैसूरकडे गाडी सुटली तरी चालेल, राजवाडा संध्याकाळपर्यंत आरामात होतो. टूरवाल्यांना मी हे बोलून बघितलं, ते म्हणतात मॅडम लोकच मागत नाहीत, लोक म्हणतात पॅकेजमध्येच नाही. पेपरात छापून आलं तर दोघांनाही काहीतरी धरायला मिळेल. बेलूर-हळेबीडचा वेळ कापा असं म्हणवत नाही, पण वाटेतल्या त्या चॉकलेटच्या आणि चंदनाच्या दुकानांत गाडी प्रत्येकी पाऊण पाऊण तास थांबते, तो वेळ काढता येईल.

आणि निघताना सामानात जाड सुती मोजे टाका.

आपली एक वाचक,
म्हापसा